डोंगरांतील एक गांव आणि त्याच्या पाण्याचा जमाखर्च

शेतकऱ्याच्या वहींत बियाणें, खत, मजुरी, बँकेचें व्याज, हमाली, तोलाई हीं सर्व कलमें असतात. परंतु ज्या जिनसेवांचून यांतील एकही कलम फळास येत नाहीं, त्या पाण्याचें कलम बहुधा कोणाच्याच वहींत नसतें. विहिरींत पाणी आहे तोंवर तें उपसावयाचें, आटलें म्हणजे विहीर खोल करावयाची, तीही आटली म्हणजे बोअर घ्यावयाचा, आणि बोअरही कोरडा गेला म्हणजे दैवास दोष द्यावयाचा, हीच आपली सर्वसाधारण रीति होऊन बसली आहे. एका लहानशा डोंगराळ गांवानें ही रीति मोडून पाण्याचें कलम वहींत कसें घातलें, त्यानें गांवाची स्थिति कशी पालटली, आणि पुढें त्या गांवाचें व त्याचबरोबर आपलें काय होण्याजोगें आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

तें गांव म्हणजे हिवरे बाजार. हें नांव बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेलें असेल. कित्येकांनीं तेथें सहलीही केल्या असतील. परंतु जाणारे लोक बहुधा बंधारे व झाडी पाहून परत येतात. बंधारे हें त्या गांवच्या कामाचें अर्धें अंग आहे. दुसरें अर्धें अंग ग्रामसभेच्या कागदांत आहे, आणि तेंच अधिक पाहण्याजोगें आहे असें आमचें मत आहे.

पूर्वस्थिति

हिवरे बाजार हें अहिल्यानगर जिल्ह्यांत (पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) नगर शहराच्या पश्चिमेस सुमारें १७ किलोमीटरांवर, सह्याद्रीपासून पूर्वेकडे उतरत आलेल्या डोंगरफांट्यांच्या कुशींत वसलेलें आहे. गांवाचें क्षेत्र सुमारें ९७६ हेक्टर आणि वस्ती हजार-बाराशें. घाटमाथ्यावर ढग रिते होतात आणि त्यामागच्या पर्जन्यछायेंत हें गांव सांपडतें. यामुळें वर्षाकाठीं पाऊस काय तो ४०० मिलिमीटरांच्या, म्हणजे १६ इंचांच्या आसपास, आणि तोही नेमाचा नव्हे. आपल्या परभणी जिल्ह्यांत सरासरीनें याच्या सुमारें दुप्पट पाऊस पडतो, ही गोष्ट वाचकांनीं येथेंच ध्यानांत धरावी.

एके काळीं हें गांव पहिलवानांबद्दल प्रसिद्ध होतें. पुढें डोंगरावरील झाडें सरपणास गेलीं, डोंगर उघडे पडले, आणि वरून आलेलें पाणी माती घेऊन ओढ्यावाटे निघून जाऊं लागलें. १९७२ च्या दुष्काळानें तर गांवाचें कंबरडेंच मोडलें. विहिरी उन्हाळ्यापूर्वींच कोरड्या पडत. धडधाकट माणसें मुंबई-पुण्याकडे गेलीं. मागें राहिलेल्यांपैकीं कित्येकांनीं दारू गाळण्याचा धंदा धरला. भांडणें व मारामाऱ्या नित्याच्या झाल्या. सरकारी नोकरास या गांवीं नेमणूक मिळणें म्हणजे शिक्षा, असा त्या काळीं लौकिक होता.

उद्योगाचा आरंभ

१९८९ सालीं ग्रामस्थांनीं श्री. पोपटराव पवार या पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या तरुणास सरपंच निवडलें. कामाचा आरंभ शाळेपासून झाला, हें विशेष ध्यानांत घेण्याजोगें आहे. कारण शाळेविषयीं गांवांत दोन पक्ष पडत नाहींत, आणि एका कामांत एकत्र आलेली माणसें दुसऱ्या कामांतही एकत्र येऊं शकतात. त्यानंतर दारूच्या भट्ट्या बंद झाल्या. मग डोंगराकडे लक्ष गेलें. माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतारास आडवे सलग समतल चर खणले, ओढ्यांवर माती-दगडांचे बंधारे घातले, शेतांस बांध घातले, झाडें लावलीं. रोजगार हमी योजनेचा पैसा आणि ग्रामस्थांचें श्रमदान या दोहोंच्या जोरावर हें काम झालें. १९९४ सालीं महाराष्ट्र सरकारच्या आदर्श गांव योजनेंत गांवाचा समावेश झाला. त्याच जिल्ह्यांतील राळेगणसिद्धीच्या अनुभवावर या योजनेची उभारणी झालेली असून नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान हीं तिचीं पांच सूत्रें होत.

या पांचांत चराईबंदी सर्वांत कठीण. डोंगर राखावयाचा म्हटलें कीं पहिला भार ज्यास जमीन थोडी व शेळ्या पुष्कळ त्याच्यावर पडतो, आणि पुष्कळ गांवच्या योजना याच ठिकाणीं मोडतात. हिवरे बाजारांत गुरें मोकळीं सोडण्यास बंदी केली, परंतु विळ्यानें गवत कापून नेण्यास मोकळीक ठेविली. डोंगर राखला गेला व वैरणही वाढली; मग शेळ्यांच्या जागीं दावणीला दुभतीं जनावरें आलीं. पूर्वीं दिवसास दीडशें लिटरांच्या आसपास निघणारें गांवचें दूध पुढें हजारोंवर गेलें.

१९९५ सालच्या पाहणींत गांवच्या १८२ कुटुंबांपैकीं १६८ कुटुंबें दारिद्र्यरेषेखालीं होतीं. पुढील पंधरा वर्षांत अशीं कुटुंबें अवघीं ३ उरलीं. परगांवीं गेलेलीं चाळीसच्या आसपास कुटुंबें शेतीवर परत आलीं. आपल्याकडे माणसें ऊसतोडीस व शहरास जाण्याचाच ओघ चालू असतां, उलट दिशेचा हा ओघ नुसत्या उत्पन्नाच्या आंकड्यांहून अधिक बोलका आहे.

पाण्याची मांडणी

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. बंधारे व चर यांनीं विहिरींस पाणी आलें; परंतु पाणी आलें म्हणजे तें टिकतेंच असें नाहीं. महाराष्ट्रांत कित्येक गांवीं पाणलोटाचीं उत्तम कामें झालीं, दोन-तीन वर्षें विहिरी तुडुंब राहिल्या, त्या भरंवशावर लोकांनीं ऊस लावला, बोअर घेतले, आणि पांचव्या-सातव्या वर्षीं गांव पुनः टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलें. हिवरे बाजार या वाटेनें गेलें नाहीं, याचें कारण त्याचा जमाखर्च.

गांवांत पर्जन्यमापक बसविलेले आहेत व कांहीं विहिरी निरीक्षणासाठीं नेमलेल्या आहेत. पावसाळा सरला म्हणजे किती पाऊस पडला, विहिरींची पातळी कोठवर आली, यावरून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या साह्यानें गांवाच्या पोटांत किती पाणी आहे याचा अंदाज बांधितात व तो ग्रामसभेपुढें ठेवितात. प्रथम माणसांचें व गुरांचें पिण्याचें आणि घरवापराचें पाणी बाजूस काढून ठेवावयाचें. उरलेल्यांतून सुमारें ७० टक्के शेतीस द्यावयाचें. आणि बाकीचें पुढल्या सालची ठेव म्हणून जमिनींतच राहूं द्यावयाचें. हा क्रम ठरला म्हणजे रब्बीस कोणतें पीक किती क्षेत्रांत घ्यावयाचें हें त्यावरून निघतें. पाऊस बरा झाला तर गहूं व भाजीपाला. उणा पडला तर गव्हाखालील क्षेत्र कमी करून हरभऱ्यासारख्या थोड्या पाण्याच्या पिकांवर भागवावयाचें.

या मांडणीस फार मोठी विद्या लागते असें नाहीं. एक एकर जमिनीवर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारें एक लाख लिटर पाणी पडलें. हिवरे बाजारच्या ९७६ हेक्टरांवर ४०० मिलिमीटर पाऊस पडला तर तें पाणी सुमारें ३९० कोटी लिटर होतें. त्यांतील बराच मोठा भाग उन्हानें उडून जातो, कांहीं पिकें व झाडें पितात, कांहीं वाहून जातो, आणि जमिनींत मुरणारा हिस्सा थोडाच असतो. आतां खर्चाची बाजू पाहा. बाराशें माणसांस दररोज माणशीं ५५ लिटर धरलें तरी वर्षास सुमारें अडीच कोटी लिटर पुरे होतात. म्हणजे ज्या पाण्यासाठीं बायका उन्हाळ्यांत मैल-दीड मैल हिंडतात, तें एकंदर पावसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी आहे. मग तें संपतें कां? उसास वर्षाकाठीं सुमारें २००० मिलिमीटर पाणी लागतें. एका एकरास हें ऐंशीं लाख लिटर झालें. हरभऱ्याचें काम ३०० मिलिमीटरांच्या आसपास भागतें. एका एकर उसाच्या पाण्यांत साडेसहा एकर हरभरा होतो, आणि तीन एकर उसाचें पाणी हें त्या सबंध गांवाचें वर्षाचें पिण्याचें पाणी होय. ही बेरीज एकदां मांडली म्हणजे पुढील निर्बंध कोणी कां मान्य केले हें निराळें सांगावें लागत नाहीं.

निर्बंध असे: शेतीसाठीं बोअर घ्यावयाचा नाहीं, ऊस व केळी हीं पिकें घ्यावयाचीं नाहींत, झाड तोडावयाचें नाहीं, आणि गांवची जमीन बाहेरच्यास विकावयाची नाहीं. यांतील बोअरचा निर्बंध विशेष मर्माचा आहे. उघडी विहीर ही सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. तिच्यांतील पाणी उतरलें म्हणजे मालकास दिसतें व शेजाऱ्यासही दिसतें. दोनशें-तीनशें फूट खालीं गेलेल्या नळाचें पाणी कोणासच दिसत नाहीं; आणि जें दिसत नाहीं त्याचा हिशेब ग्रामसभा कशी ठेवणार?

पैसेवारी व अंदाजपत्रक

मीं नोकरीचीं वर्षें महसुली कारकुनींत घालविलीं, आणि त्यांतील बराच काळ पैसेवारीचे तक्ते लिहिण्यांत गेला. पूर्वीं हिलाच आणेवारी म्हणत. नवीं नाणीं आल्यावर नांव पालटलें, पद्धति तीच राहिली. खरीप पिकें उभीं असतां सप्टेंबरअखेर नजर पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित पैसेवारी, आणि आपल्या मराठवाड्यांत डिसेंबरअखेर अंतिम पैसेवारी. ती पन्नास पैशांच्या आंत आली म्हणजे गांव टंचाईसदृश ठरावयाचें व सवलतीचीं पत्रें निघावयाचीं. ही पद्धति उपयोगाची आहे, आणि तिच्यामुळें लाखों खातेदारांस दिलासा मिळालेला आहे यांत शंका नाहीं. परंतु तिचा स्वभाव असा कीं, पेरणीचा खर्च होऊन, पीक हातचें गेल्यावर, किती गेलें तें ती सांगते. हिवरे बाजारचें अंदाजपत्रक रब्बीची पेरणी होण्यापूर्वीं, बियाण्याची पिशवी फोडण्याच्या आधीं तयार होतें. दोन्ही कागद पावसाचेच आहेत. पण एक नुकसानीचा पंचनामा आहे आणि दुसरा नुकसान टाळण्याचा बेत.

आणखी एक गोष्ट मनांत येते. निजामी राजवटीनंतर १९५४ सालीं मराठवाड्यांत खासरा पाहणी झाली, आणि तीं पत्रकें आजही जमिनीच्या वादांत काढून पाहिलीं जातात. सात-बारावर पिकांची नोंद होते, बोजा लिहिला जातो, विहीर लिहिली जाते. १५ ऑगस्ट २०२१ पासून तर खातेदार स्वतः मोबाईलवर पीक नोंदवूं लागले आहेत. परंतु विहीर लिहिली गेली तरी तिच्यांत किती फूट पाणी आहे हें सात-बारावर येत नाहीं. भूजल यंत्रणा आपल्या निवडक विहिरी वर्षांतून चार वेळां मोजते. त्या आंकड्यांचा उपयोग जिल्ह्यास होतो, पण ज्याच्या बांधावर ती विहीर आहे त्यास बहुधा त्यांची खबर नसते. हिवरे बाजारनें कांहीं नवें शास्त्र काढलें नाहीं. सरकारी दप्तरांत राहणारा आंकडा त्यांनीं चावडीवर आणला, इतकेंच.

अधिक पावसाच्या प्रदेशाचा दाखला

कोणी म्हणेल, हा हिशेब १६ इंच पावसाच्या गांवास शोभतो. जेथें पाऊस उदंड, तेथें याची गरज काय? यासाठीं जरा दूरचा दाखला पाहूं. साखरेमुळें जावा बेटाचें नांव आपल्या वडिलांस ठाऊक होतें. जाव्याच्या साखरेपासून आपल्या कारखान्यांचें रक्षण व्हावें म्हणून १९३२ सालीं हिंदुस्थानांत कायदा करावा लागला होता. त्या बेटाच्या मध्यभागीं दिएंग नांवाचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें २००० मीटर उंचीवर आहे. तेथें प्राचीन शिवालयें आहेत व त्यांतील कांहींस लोक अर्जुन, भीम, घटोत्कच अशीं नांवें देतात. खेड्यास तेथें ‘देसा’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘देश’ शब्दाचाच सोयरा होय. जमीन ज्वालामुखीच्या राखेची, अत्यंत कसदार, पाऊस मुबलक, एकेका कुटुंबाची जमीन मात्र अगदीं थोडी.

पूर्वीं तेथें मका व तंबाखू पिकत असे. १९८० च्या सुमारास बटाटा आला आणि त्यानें खराच पैसा दिला. घरें पक्कीं झालीं, बटाट्याच्या पैशावर लोक मक्केची यात्रा करून आले. मग जो तो बटाट्याच्या मागें लागला. कड्यांवरील रान तुटलें. बटाट्यास साचलेलें पाणी सोसत नाहीं म्हणून उतारावर वरून खालीं सरळ सऱ्या पाडल्या, आणि त्या सऱ्यांवाटे राखेची ती कसदार माती वर्षानुवर्षें वाहून गेली. उत्पन्न राखण्यासाठीं खतें व औषधें वाढवावीं लागलीं. खालीं सेरायू नदीवरील धरण गाळानें भरूं लागलें. म्हणजे अधिक पाऊस व अधिक चांगली जमीन असूनही डोंगरगांवास धोका टळला नाहीं. कारण एकेकाचा फायदा जो तो पाहत होता, आणि सर्वांच्या मिळून होणाऱ्या तोट्याची वही कोणाजवळच नव्हती. उलट जेथें निसर्गानें हात आंखडला तेथें ती वही निघाली. तेव्हां प्रश्न पावसाच्या इंचांचा जितका आहे तितकाच वहीचाही आहे.

गांवाचें भवितव्य

हिवरे बाजारापुढें सर्व कांहीं सुखाचें आहे असें मानणें मात्र भाबडेपणाचें होईल. पहिली गोष्ट, त्याचे निर्बंध ग्रामसभेच्या एकमतावर उभे आहेत. जमीन बाहेरच्यास विकूं नये हा गांवचा ठराव आहे. परंतु शेतकरी असलेल्या कोणाही इसमास खातेदारानें जमीन विकली तर दस्त नोंदला जाईल व फेरफारही पडेल. शहर सतरा किलोमीटरांवर असतां आणि जमिनीचे भाव चढत असतां हा ठराव पाळला जातो, तो केवळ लोकलाजेच्या व विश्वासाच्या बळावर. दुसरी गोष्ट, पाण्याचें गणित गांवाच्या हातीं आहे, पण भावाचें नाहीं. कांदा व दूध यांचे दर कोसळले म्हणजे पाण्याची सारी काटकसर व्यर्थ जाते. तिसरी, वांटण्या होतां होतां खातें लहान होतें, आणि शिकलेला मुलगा दीड एकरावर राहील काय, हा प्रश्न तेथेंही आहेच. चौथी गोष्ट नेतृत्वाची. श्री. पवार यांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली व राज्याच्या आदर्श गांव समितीचें कार्याध्यक्षपदही त्यांजकडे आलें. परंतु ज्या कामास तीन तपांहून अधिक काळ एका माणसाचा आधार लाभला, तें काम त्या आधारावांचून किती टिकतें ही परीक्षा अजून व्हावयाची आहे. आमच्या समजुतीनें तेथील वहीच त्या परीक्षेंत कामी येईल. माणूस बदलला तरी दरसाल पावसाळ्यानंतर आंकडे वाचण्याचा प्रघात पडलेला असला, तर नवा सरपंच तो सहसा मोडूं शकणार नाहीं.

आपल्यापुरतें काय?

मानवत व हिवरे बाजार यांत फरक पुष्कळ आहेत, ते लपवून चालणार नाहीं. तें गांव डोंगरांच्या परातींत बसलें आहे. त्याच्या शिवारांत मुरलेलें पाणी बरेंचसें त्याच्याच विहिरींस लागतें. आपली काळी जमीन सपाट. एकाच्या शिवारांत मुरलेलें पाणी दुसऱ्याच्या बोअरला लागतें. यास्तव आपल्याकडे एकट्या गांवानें वही ठेवून पुरें पडणार नाहीं. एका ओढ्याच्या कांठचीं दोन-तीन गांवें एकत्र आलीं पाहिजेत. शिवाय आपल्या भागास जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा आधार आहे. पण हा आधार किती धरावा हें २०१५-१६ सालानें दाखविलें आहे. त्या सालीं नाथसागर मृतसाठ्याच्या खालीं गेला, आणि एप्रिल २०१६ मध्यें लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. कालव्याचें पाणी ही आल्या सालची कमाई समजावी. विहिरीचें पाणी ही घरची ठेव.

तेव्हां फारसा खर्च न लागणाऱ्या चार गोष्टी येथें सुचवितों. (१) प्रत्येक गांवच्या शाळेंत एक पर्जन्यमापक बसवावा व मुलांकडून रोजची नोंद फळ्यावर लिहवून घ्यावी. (२) शिवारांतील दहा-बारा उघड्या विहिरींस कांठापासून खालीं रंगानें फुटांच्या खुणा कराव्या, आणि दर अमावास्येस पाणी कोणत्या खुणेवर आहे तें वहींत टिपावें. (३) २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेंत, रब्बीच्या पेरणीपूर्वीं, ही वही मोठ्यानें वाचावी. पहिल्या वर्षीं कोणताही निर्बंध घालूं नये, केवळ वाचावी. दोन-तीन वर्षांचे आंकडे समोर आले म्हणजे निर्बंधाची भाषा लोक आपणच बोलूं लागतील. (४) पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ शेतीसाठीं नवा बोअर होऊं नये, एवढा एक ठराव तरी प्रथम करावा. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियमही याच दिशेनें बोट दाखवितो. पण गांवानें वही ठेविली नाहीं तर कायद्याचा कागद दप्तरांतच राहील.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. या निर्बंधांचा भार भूमिहीन मजुरावर पडत नाहीं. त्याला तर घागरभर पाणी पाहिजे. भार पडतो तो ज्याची जमीन आहे, विहीर आहे, मोटार आहे, त्याच्यावर. म्हणजे या मासिकाच्या वाचकांवर व त्यांतच प्रस्तुत लेखकावर. बोअरचें यंत्र उभें राहतें तें आपल्यापैकींच कोणाच्या तरी शेतांत. म्हणून वहीचा आरंभही आपल्याच विहिरीपासून झाला पाहिजे. येत्या पावसाळ्यापूर्वीं आपल्या संघाच्या सभासदांनीं आपापल्या विहिरींस खुणा करून घेतल्या, आणि दसऱ्याच्या सुमारास त्या नोंदी एकत्र जमविल्या, तर मानवत तालुक्यापुरती पाण्याची पहिली वही तयार होईल. त्या कामीं हिशेबाची कांहीं मदत लागल्यास ती करण्यास प्रस्तुत लेखक तयार आहे.